प्रक्रिया केलेलं सांडपाणी जमिनीत मुरवायचं, पण नेमकं कुठे? नागपूर आणि परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनपाच्या बैठकांत, ग्रामसभांत आणि ले-आऊटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे घेतले आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना दोन परिच्छेदही अपुरे पडतात. ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, मग सांडपाणीच कशाला मुरवायचं?

आधी पाऊसच मुरवा. नागपूरला वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. छतावरचं पाणी विहिरीत सोडणं स्वस्त आहे आणि त्यात जोखीमही कमी. ते सोडून सांडपाण्याच्या मागे लागणाऱ्या योजनेकडे मी संशयानेच बघतो.

तरीही सांडपाण्याची एक गोष्ट पावसाला जमत नाही. पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, सांडपाणी मे महिन्यातही तेवढंच येतं. मार्चपासून विहिरी तळाला जातात, कूलर सुरू झाले की उपसा वाढतो आणि त्याच वेळी प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी पाणी उभं असतं. म्हणून जानेवारी ते जून हा या पाण्याचा खरा हंगाम. सप्टेंबरात विहिरी काठोकाठ असताना ते मुरवायला जाल तर पाणी मुरणार नाही, शेजारच्या तळघरात निघेल.

म्हणजे गडरलाइनचं पाणी आमच्या विहिरीत येणार?

कच्चं मैलापाणी मुरवायला कोणीही परवानगी देऊ नये, विषय तिथेच संपतो. इथे चर्चा आहे ती निदान दुय्यम प्रक्रिया (म्हणजे सूक्ष्मजीवांकडून सेंद्रिय घाण खाऊन घेणं), त्यावर गाळण आणि निर्जंतुकीकरण झालेल्या पाण्याची. तेही विहिरीत ओतायचं नसतं. उथळ तळ्यांत सोडून ते मातीच्या थरातून खाली उतरवायचं असतं. ते कोणाच्या विहिरीत पोचेल की नाही, हे सर्वस्वी जागेवर ठरतं. म्हणून तर जागेचा एवढा खल.

नागपुरात असं पाणी शिल्लक तरी आहे का?

शहराचं सांडपाणी पाचशे एमएलडीच्या वर जातं. (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, अर्थात हजार घनमीटर.) भांडेवाडीला १३० आणि २०० एमएलडीची दोन मोठी केंद्रं आहेत. तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी महानिर्मितीच्या कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांना जातं. हा व्यवहार उत्तम आहे, कारण वीज केंद्राने जेवढं सांडपाणी वापरलं तेवढं पेंचचं गोडं पाणी वाचतं. हे पाणी तिथून काढून जमिनीत जिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उरतं ते पाणी आणि नाग-पिवळी नद्यांतून कन्हानकडे व पुढे वैनगंगेवरच्या गोसीखुर्दकडे वाहत जाणारं प्रक्रियेविना पाणी. त्यावर प्रक्रिया झाली की त्यातला काही वाटा पुनर्भरणाला देता येईल. 'शहराचं सगळं सांडपाणी मुरवू' असं कोणी म्हणालं तर त्याला पुढे येणारा जमिनीचा हिशेब दाखवा.

जागा शोधायची सुरुवात कुठून करायची?

नाकारण्यापासून. नकाशा पसरायचा आणि चालणार नाहीत त्या जागा आधी खोडायच्या. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि पाणीपुरवठा योजनांचे उद्भव, पूररेषेतली नाल्याकाठची जमीन, पावसाळ्यानंतर पाणी तीन मीटरच्या आत येतं तो भाग, कचरा डेपो, राखेचे तलाव, एमआयडीसीच्या आसपासची दूषित माती, दाट वस्ती. पूररेषेचं महत्त्व नागपूरकरांना सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीकाठी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अशा काठावर मुरण-तळी बांधली तर पहिल्याच पुरात गाळाने बुजतील, आणि तळ्यातलं पाणी लोकांच्या घरांत शिरेल ते वेगळंच.

तीन मीटरची अट हवेतून आलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या कृत्रिम पुनर्भरण आराखड्यातही जमिनीखालचे पहिले तीन मीटर मोकळे ठेवून त्याखालची पोकळीच मोजली जाते. तेवढं सोडलं नाही तर मुळं कुजतात आणि पाया ओलावतो.

खोडाखोडी झाल्यावर जे उरतं त्यातच गुणांची स्पर्धा लावायची. बरेच अहवाल हा क्रम उलटा करतात. आधी सगळ्या जिल्ह्याला गुण देतात, मग सर्वाधिक गुणांची जागा नेमकी गावच्या पाणवठ्याशेजारी निघते.

केंद्र भांडेवाडीत आहे, मोकळी जमीनही तिकडेच आहे. मग तिथेच का नाही?

कारण शहराचा कचराही तिथेच आहे. वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्यातून काळा झिरपा खाली उतरत असतो. त्याच्या बाजूला पाणी मुरवून भूजलाची पातळी वर आणली तर पाणी कचऱ्याच्या तळाला भिडेल आणि तो झिरपा आणखी लांब पसरेल. सांडपाणी कितीही शुद्ध केलेलं असो, भूजल खराबच होणार. तिथे पाइपलाइनचा खर्च वाचतो हे खरं, पण तो वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजू नये.

पश्चिम नागपूर आणि पूर्व नागपूर यांच्या जमिनीत खरंच एवढा फरक आहे?

आहे, आणि थोडाथोडका नाही. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या बसाल्टचा. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइस आणि शिस्ट हे रूपांतरित खडक. उत्तरेला कामठीकडे गोंडवाना काळातला वालुकाश्म, आणि कन्हानच्या काठाने नदीने आणून टाकलेली रेती-गाळ. एकाच शहराच्या भोवती चार तऱ्हांची जमीन असल्यामुळे पुण्यात किंवा अहमदाबादेत चाललेला आराखडा इथे तसाच उचलता येत नाही.

बसाल्टमध्ये पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. त्याखालचा घट्ट पाषाण पाणी धरत नाही. भेगा असतील तिथे पाणी झपाट्याने पळतं, नसतील तिथे हलतच नाही. पूर्वेकडचा नाइसही त्याच जातीचा: कुजलेला थर जाड असेल तर बरा, पण अशा खडकात फ्लोराइडची तपासणी आधी करायलाच हवी. कामठीचा वालुकाश्म हा चांगला जलधर, म्हणजे पाणी धरणारा आणि देणारा थर, यात शंका नाही. मात्र त्याखाली कोळसा आहे, सिल्लेवाडा-कामठी पट्ट्यात खाणी आहेत आणि खाणींत उतरणारं पाणी उपसून बाहेर काढावं लागतं. त्यांच्या डोक्यावर पाणी मुरवणं म्हणजे एका पंपाने आत घालून दुसऱ्याने बाहेर काढणं.

मग कन्हानच्या रेतीत मुरवा. रेती तर सगळ्यात चांगली गाळणी!

मुरण्याच्या दृष्टीने पहिला नंबर तिचाच. पण कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा उद्भव आहे, आणि काठावरच्या गावांच्या पाणी योजनाही त्याच पात्रातल्या विहिरींवर चालतात. जलशास्त्राला जी जागा सर्वांत आवडते तीच आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक, असा हा पेच. उद्भवांच्या बऱ्याच खाली, जिथे खालच्या अंगाला कोणी ते पाणी पीत नाही असा तुकडा सापडला तर विचार करावा. उद्भवांच्या वरच्या अंगाला अजिबात नाही.

किती जमीन लागेल?

समजा रोज ५ एमएलडी मुरवायचे आहेत. रेतीत दिवसाला ५० सेंटिमीटर पाणी उतरलं तर एक हेक्टर ओलं तळं पुरतं. मुरमात दिवसाला ५ सेंटिमीटरच उतरलं तर तेवढ्याच पाण्याला दहा हेक्टर लागतात. शिवाय तळी सलग भरलेली ठेवता येत नाहीत. तळाशी शेवाळ आणि बारीक गाळ यांचा चिकट थर बसतो, पाणी उतरेनासं होतं, मग तळं वाळवून तो थर खरवडावा लागतो. काही दिवस ओलं, काही दिवस कोरडं, अशी पाळी लावली की जमीन दुप्पट-तिप्पट होते. मुरमाच्या बाबतीत आपण पन्नास-पाऊणशे एकरांच्या गोष्टी करतोय, तेही फक्त ५ एमएलडीसाठी. नागपूरच्या वेशीवर आज एवढी जमीन कोण देतो?

आमचं वावर मे महिन्यात पाणी गटागटा पितं. मग चाचणीची काय गरज?

मे महिन्यात काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात पाणी सोडलं की ते क्षणात गडप होतं आणि बघणारा खूश होतो. माती फुगते, भेगा मिटतात आणि नंतर तेच वावर आठवडाभर पाणी अंगावर घेऊन उभं राहतं. पहिल्या तासाच्या आकड्यावर बांधलेली तळी म्हणूनच फसतात.

चाचणी अशी करतात. ३० आणि ६० सेंटिमीटर व्यासाच्या दोन लोखंडी कड्या एकात एक ठेवून जमिनीत ठोकायच्या, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कडीतली पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचं. बाहेरच्या कडीतलं पाणी आजूबाजूला पसरतं, त्यामुळे आतलं पाणी सरळ खाली जातं. ही झाली चाळणी परीक्षा. खरी परीक्षा म्हणजे काळी माती पूर्ण काढून मुरूम उघडा करायचा, तिथे खोलीएवढा खड्डा करायचा आणि तो आठवडे-दोन आठवडे सतत भरलेला ठेवायचा. शेवटच्या दिवसांत जो दर स्थिरावतो तोच हिशेबात धरायचा. पाणीही शक्यतो प्रक्रिया केंद्रातलंच वापरावं, टँकरचं नाही. सांडपाण्यात सोडियम जास्त असतो आणि सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. नळाच्या पाण्याला ते दिसतच नाही.

जमिनीखाली मावणार तरी किती?

या प्रश्नात सगळ्या निवडीचं मर्म आहे, आणि हाच सर्वांत कमी विचारला जातो.

झिजलेल्या बसाल्टची पाणी साठवायची क्षमता भूजल मोजणीच्या प्रचलित निकषांत सुमारे दोन टक्के धरतात. शंभर हेक्टर क्षेत्र घ्या, त्यात तीन मीटर जाडीचा थर कोरडा आहे असं धरा. आकडे गुणले की साठ हजार घनमीटर येतात. रोज ५ एमएलडी सोडलेत तर हा अख्खा चौरस किलोमीटर बारा दिवसांत भरतो. तेराव्या दिवशी पाणी कुठे जाणार? नाल्यात, नाहीतर कोणाच्या तरी घराखाली. तेवढीच जागा रेतीच्या गाळाची असती आणि क्षमता सोळा टक्के असती, तर तीन महिने निघाले असते.

म्हणजे आपल्या खडकात पुनर्भरण टिकतं ते बाजूला उपसा चालू असेल तरच. कोणीतरी रोज पाणी काढलं पाहिजे, म्हणजे रोज नवी जागा होईल. आणि तो उपसा पिण्यासाठी नसावा. जिथे उपसा भरपूर आहे पण त्यातलं कोणी पीत नाही, अशी जागा शोधा: शेती, बागा, रोपवाटिका, गोल्फचं मैदान, बांधकाम, कारखान्याचं थंडावण्याचं पाणी. माती, उतार, खडक हे सगळे निकष यानंतर. ही अट पाळणाऱ्या जागा नागपूरभोवती थोड्या आहेत, पण आहेत.

मग काटोल-कळमेश्वरच्या संत्रापट्ट्यात न्या की. तिथे तर उपशाला कमी नाही.

वरून बघता अगदी बरोबर जागा. पण शहराचं पाणी पूर्वेला उतरतं आणि काटोल साठेक किलोमीटर पश्चिमेला, चढावर आहे. एक एमएलडी पाणी शंभर मीटर चढवायला पंपाची कार्यक्षमता धरून सुमारे चारशे युनिट वीज लागते. ५ एमएलडीला दिवसाला दोन हजार युनिट झाले, आणि पाइपमधलं घर्षण अजून मोजलेलंच नाही. हा वीजबिलाचा बोजा कोण उचलणार ते आधी ठरवा.

दुसरं म्हणजे संत्र्याचं झाड क्षाराच्या बाबतीत नाजूक. शहरातून फिरून आलेल्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम क्षार जास्त असतात. भूजलात मिसळून ते पातळ होतील, पण वर्षानुवर्षं तेच पाणी उपसून तिथेच दिलं तर क्षार साठत जातात. पश्चिमेकडे न्यायचंच असेल तर पश्चिमेच्याच नव्या वस्त्यांत छोटी प्रक्रिया केंद्रं बांधून जवळच्या बागांना पाणी द्यावं. ते थेट बागेतच वापरता आलं तर मुरवायची भानगडही नको.

जीआयएसचा नकाशा आणि एएचपीचे गुण, यांवर किती विश्वास ठेवायचा?

चाळण म्हणून पूर्ण, निकाल म्हणून अजिबात नाही. खडक, माती, उतार, भेगरेषा, नाल्यांची घनता, जमिनीचा वापर, पाणीपातळी असे नकाशाचे थर संगणकावर एकावर एक ठेवतात, हे जीआयएस. कोणत्या थराला किती वजन हे जोडीजोडीने तुलना करून ठरवतात. थॉमस साटी यांची ही पद्धत, तीच एएचपी. उत्तरांतली विसंगती ०.१ च्या आत असली की गणित सुसंगत मानतात. सुसंगत म्हणजे बरोबर नव्हे. उताराला जास्त वजन देणारा तज्ज्ञ सुसंगतपणे चुकू शकतो.

पावसाच्या पुनर्भरणासाठी बनवलेला नकाशा सांडपाण्यासाठी जसाच्या तसा वापरणं, ही यातली सर्वांत मोठी खोट. भेगांची घनता जास्त म्हणजे पावसाला शंभर गुण. सांडपाण्याला तीच भेग म्हणजे मातीची गाळण चुकवून थेट विहिरीत जायचा रस्ता. त्या थराचे गुण उलटे करावे लागतात. अहवाल हाती आला की सर्वांत आधी हे तपासा. लेखकाला विषय कळलाय की त्याने नुसता साचा भरलाय, ते तिथेच समजतं.

थेट बोअरमध्ये सोडलं तर जमीन वाचेल ना?

वाचेल, आणि भूजल बुडेल. बोअरमध्ये मातीची गाळण शून्य. त्यासाठी पाणी जवळपास पिण्यायोग्य करावं लागतं.

फुटाळा, अंबाझरी, सोनेगावसारख्या तलावांत सोडून आपोआप मुरू दिलं तर?

जुन्या तलावांचा तळ गाळाने लिंपलेला असतो, त्यातून मुरतं थोडं. आणि सांडपाण्यातल्या फॉस्फरसवर जलपर्णी जोमाने वाढते. अंबाझरीने ते दाखवलेलंच आहे.

तलावांमार्फत पुनर्भरणाचं मोठं उदाहरण कोलारचं. बंगळुरूचं दुय्यम प्रक्रिया केलेलं पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडलं जातं. योजना ४४० एमएलडीची. कोरड्या तलावांत पाणी दिसलं, विहिरी वर आल्या, शेतकरी सुखावले. सुरुवातीलाच एका तलावात पांढरा फेस आला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तृतीय प्रक्रिया (दुय्यमनंतरची आणखी शुद्धी) का नाही हा वाद पेटला. तिथलाही खडक आपल्यासारखा कठीण, म्हणून हे उदाहरण आपल्या जवळचं. पण त्यातलं यश आणि वाद दोन्ही सोबत वाचावेत. आपल्याकडच्या सादरीकरणांत पहिलंच येतं.

माती पाणी शुद्ध करते म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

करते, पण सगळं नाही. सेंद्रिय घाण, जंतू, बरेचसे विषाणू वरच्या मीटर-दोन मीटरांत अडकतात किंवा मरतात. क्षार जसेच्या तसे खाली जातात. औषधांचे काही अंश टिकतात. नायट्रोजनचं गणित तर काठावरचं आहे: प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रोजन उरला आणि तो सगळा नायट्रेट झाला, तर नायट्रेट ४४ मिलिग्रॅम होतं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा ४५. ओलं-कोरडं चक्र नीट चाललं तर यातला काही नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, तळी सदा भरलेली ठेवली तर ते साधत नाही.

जगात याचे दोन रस्ते दिसतात. इस्राएलमध्ये तेल अवीवचं सांडपाणी वाळूच्या टेकड्यांत मुरवून, भोवतीच्या विहिरींच्या कड्याने परत उपसून नेगेवच्या शेतीला देतात, पिण्याला नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सूक्ष्म गाळण, आरओ आणि अतिनील किरण असं सगळं करून मगच भूजलात सोडतात आणि ते पुढे पिण्यात येतं. एकतर पाणी तेवढं शुद्ध करा, नाहीतर पिणाऱ्यांपासून वेगळं ठेवा. आपल्या खिशाला आज इस्राएलचा रस्ता परवडणारा आहे, ऑरेंज काउंटीचा नाही. अडचण अशी की इस्राएलात वाळूच्या टेकड्या होत्या आणि आपल्याकडे भेगाळ पाषाण.

विहिरीपासून किती अंतर सोडायचं?

मीटर विचारू नका, दिवस विचारा. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवतीचं संरक्षण क्षेत्र ५० दिवसांच्या प्रवासावर आखतात. तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू मरतात. रेतीत पाणी दिवसाला पाव मीटर सरकत असेल तर ५० दिवस म्हणजे बारा-तेरा मीटर. भेगाळ बसाल्टमध्ये दिवसाला अडीच मीटर सरकत असेल तर सव्वाशे मीटर. आणि एखादी मोठी भेग लागली तर हेही गणित कोलमडतं. म्हणून इथे रंगद्रव्य किंवा मीठ टाकून ते विहिरीत किती दिवसांनी उगवतं ते पाहणं, हाच भरवशाचा मार्ग.

डास, वास, पक्षी?

उथळ तळी चार-पाच दिवसांत कोरडी पडली तर डासांची पिढी पुरी होत नाही. प्रक्रिया नीट असेल तर वास येत नाही. आला तर बिघाड तळ्यात नाही, केंद्रात शोधा. उघड्या पाण्यावर पक्षी जमतात, म्हणून सोनेगाव विमानतळाच्या बाजूने जागा सुचवताना जरा दमाने.

आमच्या ले-आऊटचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) आहे. खुल्या भूखंडावर खड्डा करून मुरवू का?

नको. छोटे एसटीपी रोज सारखे चालत नाहीत: ऑपरेटर सुटीवर गेला, वीज गेली, ब्लोअर बंद पडला की त्या दिवशीचं पाणी कच्चंच. बागेला दिलं तर वासाने कळतं. जमिनीत गेलं तर शेजारच्या विहिरीत काही महिन्यांनी कळतं. ते पाणी झाडांना, संडासच्या फ्लशला आणि रस्त्यावर मारायला वापरा, छताचं पाणी मुरवा.

आमच्या ग्रामसभेत असा प्रस्ताव आला तर काय विचारायचं?

पाणी केंद्रातून निघताना रोज तपासणार की महिन्याला, आणि खराब निघालं त्या दिवशी ते कुठे वळवणार? वळवायला पर्यायी वाट नसेल तर पुढचं ऐकूच नका. काम सुरू व्हायच्या आधी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा गावातल्या विहिरींची पातळी, नायट्रेट, क्लोराइड आणि जंतू मोजून नोंद ठेवली आहे का? ती नसेल तर उद्या विहीर बिघडल्यावर 'पाणी आधीपासूनच असं होतं' हे उत्तर मिळणार. निरीक्षण विहिरी तळ्याच्या खालच्या अंगाला किती आणि त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लेखी अभिप्राय सोबत आहेत का? पिण्याच्या पाण्याला धक्का लागला तर पर्यायी नळयोजना कोणाच्या खर्चाने, हे ठरावात लिहिलंय का? आणि खोदलेल्या चाचणी खड्ड्याच्या शेवटच्या आठवड्याचे आकडे मागा. ते देता आले नाहीत तर खड्डा खणलाच नव्हता असं धरून चाला.